पिशवी काढलेल्या बायका: बीडच्या ऊसतोडीतलं एक प्रकरण

जून २०१९. विधान परिषदेत आमदार नीलम गोऱ्हे यांच्या प्रश्नावर तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी उत्तर दिलं. बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत मागच्या तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली होती. त्याआधी दोनेक महिने बीडमधल्या गावांच्या बातम्या येतच होत्या. घराघरात पिशवी काढलेल्या बायका होत्या आणि त्यातल्या कित्येकींनी तिशीही गाठलेली नव्हती. राष्ट्रीय महिला आयोगानं राज्य सरकारला नोटीस पाठवली. गोऱ्हे यांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीसमोर जिल्ह्यातलं जे सर्वेक्षण आलं, त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची माहिती होती. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

म्हणजे सहांतली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण २.६ टक्के होतं आणि देशभरात ३.२ टक्के. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत वेगळी, त्यामुळे आकडे नुसते शेजारी मांडून वजाबाकी करणं बरोबर नाही. पण पद्धतीतल्या फरकानं एवढं अंतर पडत नाही.

या प्रकरणाची दोन स्पष्टीकरणं लगेच पुढे आली, आणि आजही तीच ऐकू येतात. पहिलं असं की खासगी डॉक्टरांनी अडाणी बायकांना कॅन्सरची भीती घालून लुबाडलं. दुसरं असं की पाळीमुळे कामाचा खाडा पडू नये म्हणून मुकादमांनी, म्हणजे तोडणीच्या टोळ्या जमवणाऱ्या ठेकेदारांनी, बायकांना हे करायला लावलं. दोन्हीत तथ्य आहे. पण दोन्हींत बाई कुणाच्या तरी हातचं बाहुलं ठरते, आणि तिनं हा निर्णय का घेतला असेल हे विचारायचंच राहून जातं. मुकादमांनी असं काही सांगितल्याचं नाकारलं. मला वाटतं, पुष्कळ ठिकाणी त्यांना ते सांगायची गरजही पडली नसेल. या बाईच्या अंगाचा कोणत्या वयात काय उपयोग, हे तिच्या लग्नापासूनच ठरत आलेलं असतं. आधी लवकर मूल, मग दुसरं, मुलगा झाला की नसबंदी, आणि त्यानंतर कधीतरी पिशवी. घर, दवाखाना आणि सरकार, तिघंही तिच्या शरीराकडे आईपणापुरतंच बघतात. ते काम उरकलं की मागे राहतं ते निव्वळ मजुरीचं शरीर.

एक कोयता, दोन माणसं

शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज. बालाघाटच्या डोंगरांच्या अंगाखांद्यावरचे आणि आजूबाजूचे हे तालुके. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, खरिपाचं एक पीक आलं तर आलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावात ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात. भांडी, अंथरुणं, पिठाचे डबे, कोंबड्या आणि लेकरं घेऊन माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरच्या कारखान्यांकडे निघतात, काही सीमेपलीकडे बेळगावकडे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपेपर्यंत, मुक्काम कोपीत, पाचटाच्या झोपडीत. गावात म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली थोडी शाळकरी पोरं.

या कामाचं एकक माणूस नाही, जोडी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, आणि त्याला टोळीत सहसा कुणी घेत नाही. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती लाखाच्या आसपास, कधी कमी, कधी जास्त. त्या पैशात आधीचं देणं भागतं, लग्न होतं, घराचे पत्रे येतात, आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल फेडायची असते. व्यवहार नवऱ्याशी, पैसे नवऱ्याच्या हातात, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. बायको त्या व्यवहारात आहे, पण तिचं नाव नाही, वेगळा दर नाही, वेगळी मजुरी नाही. तिचं काम मात्र अर्ध्याहून जास्त.

कामाचा दिवस पहाटे चारला, कधी त्याआधीच सुरू होतो. बाई उठून चूल पेटवते, पाणी आणते, भाकऱ्या थापून फडक्यात बांधते, तान्हं असेल तर त्याला अंगावर पाजते. उजाडायच्या आत दोघं फडात. नवरा बुडख्याशी कोयता चालवतो, बायको पाचट सोलते, वाढं तोडते, ऊस गोळा करून मोळी बांधते. कित्येकदा कोयता तिच्याही हातात असतो. मोळीचं वजन वीस-पंचवीस किलोपासून चाळीसपर्यंत जातं. डोकी सेंटरला, म्हणजे जिथे ऊस डोक्यावरून वाहून गाडीत भरतात तिथे, ती मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढून टाकायची. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. दवानं ओली झालेली फळी, डोक्यावर मोळी, पोटात सातवा महिना. फडावर हे चित्र दुर्मीळ नाही.

आता हिशेब. २०१९ च्या आसपास तोडणीचा दर टनाला २४० रुपयांच्या घरात होता. ऊस चांगला असेल आणि अंग साथ देत असेल तर एक कोयता दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडतो. म्हणजे दोघांची मिळून दिवसाची कमाई ५०० रुपयांच्या आतबाहेर. आणि एक दिवस कामावर आलं नाही तर मुकादम उचलीत जो खाडा लावतो तोही अनेक ठिकाणी ५०० रुपयेच. ताप आला, लेकरू आजारी पडलं, पाळीत पोट धरून बसावं लागलं, काहीही कारण असो. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर तेवढाच दंड डोक्यावर चढतो. शिवाय कोयता जोडीचा असल्यामुळे बाई बसली की नवऱ्याचाही दिवस वाया जातो, आणि कोपीत त्याचा जाब तिलाच द्यावा लागतो.

फडाच्या कडेला संडास नाही, न्हाणीघर नाही. पाणी कधी विहिरीचं, कधी पाटाचं, तेही शेतमालकाच्या मर्जीवर. कोपी म्हणजे बांबूवर पाचट आणि प्लास्टिकचा कागद. तिच्यात उभं राहता येत नाही आणि दार लावता येत नाही. पाळीत कापड वापरायचं, ते कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी अर्धवट धुवायचं, ओलसरच परत घ्यायचं. लघवीला उजेडात जाता येत नाही म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं. अंगावरून पांढरं जाणं, जळजळ, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं, या तक्रारी इथल्या बायकांच्या बोलण्यात डोकेदुखीइतक्या सहज येतात. हा आजार परिस्थितीतून आलेला आहे. पाणी, आडोसा आणि चार दिवसांची विश्रांती मिळाली तर त्यातला बराचसा होणारच नाही.

आधी आई हो

कोयत्याला जोडी लागते, म्हणून लग्न लवकर होतं. मुलगा सतरा-अठराचा झाला की त्याला बापाच्या कोयत्यातून काढून स्वतःचा कोयता करायचा, त्यासाठी बायको हवी. मुलीच्या आईबापांची अडचण वेगळी. वयात आलेली मुलगी सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि बरोबर नेली तर फडावर, उघड्यावर, अनोळखी टोळ्यांच्या शेजारी तिला जपायचं कसं? दोन्ही बाजूंच्या चिंतेचं उत्तर एकच निघतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बीडचं जवळपास दुप्पट.

लग्नानंतर घरात एकच प्रश्न असतो: काही आहे का? पहिल्या वर्षात दिवस राहिले नाहीत तर देव-देवस्की, मग डॉक्टर, मग दुसऱ्या बायकोची भाषा. राहिले तर दुसरा प्रश्न तयार असतो, मुलगा की मुलगी. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ८०७, राज्यात सर्वांत कमी. २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपातादरम्यान एका बाईचा जीव गेला. त्यानंतर जिल्ह्यातल्या सोनोग्राफी केंद्रांवर धाडी पडल्या, आणि त्या प्रकरणातल्या डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या वर्षी त्याच जिल्ह्यातल्या काढलेल्या पिशव्यांचा आकडा विधान परिषदेत आला, त्याच वर्षी. मला ही दोन वेगवेगळी प्रकरणं वाटत नाहीत. गर्भात मुलगी नको, बाईच्या पोटी मुलगा हवा आणि मुलगा झाल्यावर पिशवी नको, हे निर्णय घेणारं घर एकच असतं.

गरोदरपणात ती सरकारच्या नजरेत येते. आशाताई नाव नोंदवते, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, माता-बाल संरक्षण कार्ड. केंद्राच्या मातृवंदना योजनेचे हप्ते मिळतात. आधी ते पहिल्या बाळंतपणापुरतेच होते, नंतर दुसरी मुलगी झाली तर तिच्यासाठीही. पण नोंद गावात झालेली असते आणि सातव्या महिन्यात बाई असते तिथून शेकडो किलोमीटरवर, कुणाच्या तरी उसात. तिथल्या आशाताईच्या वहीत तिचं नाव नाही. म्हणून तपासण्या चुकतात, हप्ते अडकतात आणि बाळंतपण कधी कोपीत, कधी वाटेत होतं. बाळंतीण किती दिवस बसते? ज्यांना विचाराल त्या साधारण एकच सांगतात: उचल किती बाकी आहे त्यावर.

कायद्यानं दिलेली प्रसूती रजा या बाईपर्यंत कधी पोचली नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ची दुरुस्ती झाली आणि रजा २६ आठवड्यांची झाली. त्याच्या कितीतरी आधी, २००० मध्ये, दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनाही या कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं. मग ऊसतोडीतल्या बाईला का नाही? कारण कारखाना म्हणतो, तोडणी कामगार आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा व्यवहार मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी उचल दिली ती नवऱ्याला. या साखळीच्या टोकाला जी बाई आहे तिला मालकच नाही. हजेरीपटावर जिचं नावच नाही तिला रजा कुणी द्यायची?

दोन-तीन लेकरं झाली, त्यात मुलगा झाला, की कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया. बावीस-तेवीसच्या वयात. ती बाईचीच होते. देशात २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती, आणि नवऱ्याची झालेली होती अशा फक्त ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची आहे हे आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या जाहिरातींतही लिहिलेलं असतं. तरीही घरात एकच वाक्य चालतं, त्याला जड काम असतं. तिच्या डोक्यावरची चाळीस किलोची मोळी हलकी समजली जाते.

इथे एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. नसबंदी झाली की आरोग्य यंत्रणेच्या दृष्टीनं ते जोडपं संरक्षित झालं. आता तिच्यामागे कुठलं उद्दिष्ट उरत नाही. गरोदर माता नाही, स्तनदा माता नाही, नियोजनासाठी समजवायची बाई नाही. तेवीस वर्षांच्या या बाईच्या पुढ्यात अजून पंचवीस वर्षांची पाळी आहे, फडावरचं तेच पाणी आहे, तेच पांढरं जाणं आहे. पण उपकेंद्रात तिच्यासाठी वेगळा दिवस नाही. तपासणीचं टेबल बाळंतपणासाठी आहे, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असले तर असले. अशा वेळी ती खासगीत जाते.

डॉक्टरांच्या टेबलासमोर

हंगामाआधीचे सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा परतल्यानंतरचा एप्रिल-मे. बाजाराच्या गावातला दवाखाना, बाहेर बाकावर बायका, त्यांच्यामागे उभे नवरे किंवा सासवा. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, तोंडाशी जखम आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होऊ शकतो. हा शेवटचा शब्द ऐकला की बाईचे हातपाय गळतात. लेकरं लहान आहेत, मी गेले तर त्यांचं कोण बघणार, हाच विचार आधी येतो. तिचं आईपण इथे पुन्हा तिच्याच अंगावर उलटतं. लेकरांसाठी जगायचं म्हणून ती पिशवी द्यायला तयार होते. मग डॉक्टर विचारतात, मुलं झाली ना? ऑपरेशन झालं ना? आणि कुणीतरी, बहुतेक सासूच, ते वाक्य बोलते जे या प्रकरणात सगळीकडे सापडतं: मग आता पिशवी ठेवून काय करायचं?

वैद्यकशास्त्र याला काय म्हणतं ते साध्या भाषेत सांगते. पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. तपासून, योग्य गोळ्या देऊन, गरज पडली तर नवऱ्यालाही औषध देऊन तो बरा होतो. गर्भाशयाच्या तोंडाशी लालसर भाग दिसणं तरुण बायकांमध्ये पुष्कळदा नैसर्गिक असतं आणि त्याला जखम म्हणणंच चूक आहे. कॅन्सरची शंका असेल तर व्हिनेगर लावून करायची साधी तपासणी आहे, गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी तपासणारी पॅप स्मीअर आहे, आणि संशय वाढला तर छोटा तुकडा काढून तपासता येतो. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरकं सोडणारी कॉपर-टीसारखी साधनं आहेत. लहान गाठी तर नुसतं लक्ष ठेवून सोडून देता येतात. पिशवी काढणं हा यातला शेवटचा उपाय. काहींच्या बाबतीत तो खरोखरच जीव वाचवतो, आणि अशा बाईला तो मिळालाच पाहिजे. पण पंचवीस-तीस वर्षांच्या बाईला पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच तो सुचवला जातो तेव्हा मधल्या सगळ्या पायऱ्या कुणीतरी गाळलेल्या असतात.

गाळण्यात डॉक्टरचा फायदा उघड आहे. गोळ्यांच्या चिठ्ठीला शे-दोनशे रुपये, शस्त्रक्रियेला वीस ते चाळीस हजार. पण गाळण्याची घाई बाईलाही असते. औषधाचा कोर्स, पुन्हा तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा या, हे सगळं एका जागी राहणाऱ्या माणसाला जमतं. तिला पंधरा दिवसांत ट्रकमध्ये बसायचं आहे. एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं ती म्हणते तेव्हा ती अडाणी नसते. तिच्यापुढे जे पर्याय ठेवले आहेत त्यांचा हिशेब तिनं नीट केलेला असतो: दर महिन्याचे तीन-चार खाडे, पाच-सहा महिने, वर औषधांचा खर्च, वर दुखणं. त्या हिशेबात पिशवी काढणं स्वस्त पडतं. अशी बेरीज तिला करावी लागते हीच या प्रकरणातली सर्वांत मोठी क्रूरता आहे असं मला वाटतं.

पैसे कुठून येतात? घरात वीस हजार नसतात. मुकादमाकडून वाढीव उचल घेतली जाते. म्हणजे पाळीचे खाडे टाळण्यासाठी जी शस्त्रक्रिया केली, तिचं कर्ज फेडायला पुन्हा त्याच फडावर, त्याच मुकादमाकडे, आणखी एक हंगाम.

संमतीपत्राचंही बघायला हवं. कायद्यानं प्रौढ बाईची स्वतःची सही पुरते. प्रत्यक्षात नवऱ्याच्या सहीशिवाय फाईल पुढे सरकत नाही. पिशवीबरोबर बीजांडकोश काढणार आहेत की ठेवणार आहेत, हे बहुतेक बायकांना माहीतच नसतं, आणि डिस्चार्जच्या कागदावर ते असतं तेही इंग्रजीत. नंतर वर्षभरानं त्रास घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की तोही विचारतो, बीजांडकोश आहेत का? तिला सांगता येत नाही. तिच्या पोटात काय आहे आणि काय नाही हे तिच्याच घरातल्या पत्र्याच्या पेटीत, तिला न वाचता येणाऱ्या कागदावर पडून असतं.

पुढचे हंगाम

शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे जड उचलायचं नाही, हे कुठलाही सर्जन सांगतो. दिवाळीच्या तोंडावर टाके पडलेली बाई दिवाळीनंतर मोळी उचलते. बीजांडकोशही काढलेले असतील तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, सांधे धरतात, चिडचिड होते. पंचेचाळीस-पन्नाशीत हळूहळू जे व्हायचं ते अठ्ठाविसाव्या वर्षी एकदम होतं, आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका लवकर गाठतो. हाताला आधीसारखा जोर नाही, कंबर तर कायमचीच गेली, ही तक्रार पिशवी काढलेल्या बायका परत परत करतात. ज्या खाड्यांच्या भीतीनं पिशवी गेली ते खाडे पाळी थांबल्यावरही पडतच राहतात, फक्त कारण बदलतं.

तिचं हे दुखणं ऐकायला मात्र कुणी नसतं. बाळंतपणात कौतुक होतं, डिंकाचे लाडू होतात, निदान पहिल्या वेळेला तरी. पिशवी काढलेल्या बाईचं दुखणं नखरा ठरतं, कारण आता हिला कसला त्रास, असंच सगळे धरून चालतात.

बातम्यांच्या दबावाखाली सरकार हललं, हे खरं. बीडमध्ये पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीची चर्चा झाली, ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं द्यायचं ठरलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ २०१९ मध्येच जाहीर झालं, पण प्रत्यक्ष कामाला लागायला २०२२ उजाडलं. त्याला टनामागे कारखान्यांचे दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे, असा निधी ठरला. देशपातळीवर बघायचं तर राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांवर आरोग्य कार्यकर्ते डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये याचिका केली होती. त्यावर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. या शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवायची, आणि चाळिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढली असेल तर कारण नोंदवायचं, असा त्यांचा भर आहे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड कामगारांच्या हालाखीची स्वतःहून दखल घेतली.

परवानगीची अट मला आवश्यक वाटते. तिनं मनमानीला लगाम बसतो. पण तिची मर्यादाही सांगायला हवी. अट बीडपुरती, आणि नगर, सोलापूरचे दवाखाने एका एसटीच्या अंतरावर. शिवाय जिला शस्त्रक्रियेची खरी गरज आहे तिलाही आता जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागतात, तेही मजुरी बुडवून. तिच्या पोटाविषयीचा निर्णय आधी नवरा, सासू आणि खासगी डॉक्टर घेत होते. आता त्यात सरकारी सहीची भर पडली. फडावर पाणी आलं का, संडास आला का, खाडा बंद झाला का, या प्रश्नांना त्या सहीनं उत्तर मिळत नाही. शस्त्रक्रियेवर बंधन घालणं सोपं होतं, कारण ते बाईवर आणि डॉक्टरवर घालायचं होतं. खाड्यावर बंधन घालायचं तर साखर कारखान्यांशी बोलावं लागतं.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ, म्हणजे कारखान्यांची संघटना, आणि ऊसतोड संघटनांची बोलणी झाली आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपयांवर गेला. वाढ मोठी आहे, ती संपावर बसलेल्या माणसांनी मिळवली आहे आणि तिचा आनंद आहे. पण ही बोलणी चालतात ती टनावर. गरोदर बाईला मोळी उचलायला लावायची नाही, बाळंतिणीला अमुक इतके आठवडे खाडा लावायचा नाही, पाळीच्या दिवसांत बसलेल्या बाईचा दंड उचलीत धरायचा नाही, तळावर पाणी आणि संडास कारखान्यानं द्यायचा, ही चार कलमं करारात आली तर पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलासमोर बसलेल्या बाईचा हिशेब वेगळा लागेल. त्याआधी एक साधी गोष्ट व्हायला हवी. कोयत्याच्या नोंदीत दोन नावं लिहिली जावीत, मजुरी दोन खात्यांत जमा व्हावी आणि ओळखपत्र बाईच्या नावानं वेगळं निघावं. तिचं नाव कारखान्याच्या दप्तरात आलं की प्रसूती रजा मागायला तिच्याकडे मालक असेल, आणि फडाजवळच्या सरकारी दवाखान्याला तिला आमच्या यादीत नाही म्हणून परत पाठवता येणार नाही. पुढच्या कराराच्या वेळी बोलणीच्या टेबलावर संघटनांकडून किती बायका बसतात, यावर यातलं बरंच अवलंबून आहे.